मागून आणलेली वस्तू

१

ईस्टरआधीच्या यंदाच्या उपवासाच्या चाळीस दिवसांसाठी मी नवस बोलले होते, की कोणालाही टोचून बोलायचं नाही. मनात काय यावं याबद्दल नवसात काही ठरलं नव्हतं. ते बरंच झालं, कारण माझा दीर डेल रोज सकाळी आमच्याकडे कॉफीला येतो.

त्या सकाळी मी कणकेत अंजिराचं सारण भरत बसले होते. एकोणीस मार्चला संत जोसेफचा दिवस. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत वेदी मांडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं, हा माझा जुना नवस. तीन वर्षांपूर्वी माझा नवरा नोलन समुद्रातल्या तेलाच्या रिगवर स्फोटात सापडला, तेव्हा बोललेला. नोलन जिवंत आला. उजवा कान तिकडेच राहिला, डाव्यानं अर्धंमुर्धं ऐकू येतं. आता तो परत त्याच रिगवर जातो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी.

वेदीचं सामान विकत आणायचं नसतं. पीठ, अंडी, मासे, मेणबत्त्या, सगळं दारोदार मागून आणायचं. आईनं मला नियम शिकवले ते असे: संताच्या नावानं मागितलेलं कोणी नाकारायचं नाही. मागून आणलेलं विकायचं नाही, टाकायचं नाही, आणि वेदी उतरेपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. एकदा मी एक तडकलेली बशी आणली होती, तीसुद्धा वेदी उतरल्यावरच कचऱ्यात गेली.

"वहिनी," डेल तोंडात दोन बिस्किटं कोंबून म्हणाला, "पीठ मागत फिरतेस, तसं एखादं पिस्तूल पण माग ना. नोलन फोनवर रोज माझं डोकं खातो."

आमच्या रस्त्यावर महिन्याभरात दोन घरं फुटली होती. एका घरातून जनरेटर गेला, दुसऱ्यातून भाजलेलं डुकराचं मांस. दुसऱ्या चोराला निदान भूक तरी होती. पण नोलननं रिगवरून हुकूम सोडला होता: मागच्या दाराला साखळी लाव आणि एक छोटं पिस्तूल घे, नवं नको, वापरलेलं चालेल.

"साखळी लावली," मी म्हणाले.

"साखळीला कोण भितं? चल, वेस्लीच्या दुकानात जाऊ. तुझ्या पर्समध्ये मावेल असं बघू."

डेलला बायकांच्या पर्समध्ये काय मावतं याची फार माहिती. त्याची बायको अर्लीन आमच्या वेदी मंडळात आली ती मंडळाच्या चांदीच्या अंगठीसाठी. अंगठीवर लिलीचं उठावाचं फूल आहे, उजव्या हाताच्या मधल्या बोटात, फूल तळव्याकडे वळवून घालतात. माझ्याही बोटात ती आहे. माझी नवसाची आहे, अर्लीनची शोभेची. मी हे तिला कधी बोलले नाही. चाळीस दिवस चालू होते.

२

वेस्लीच्या दुकानात मासेमारीचे गळ, गोठवलेलं आमिष आणि बंदुका एकाच छताखाली मिळतात. वेस्ली सूर्यफुलाच्या बिया चघळत होता आणि सालं कागदी पेल्यात थुंकत होता.

"या बाई! गुलाबी दाखवू का? गुलाबी फार जातं."

"मला केक नको आहे," मी म्हणाले. हे टोचून बोलणं होतं की नाही, यावर मी नंतर थोडा विचार केला.

डेल हसला. वेस्लीनं काचेखालून एक काळी प्लॅस्टिकची पेटी काढली. आत करड्या फोममध्ये तळहाताएवढं पिस्तूल. त्यानं ते उचललं, आधी गोळ्यांचं मॅगझिन खाली ओढून काढलं, मग वरचा भाग मागे सरकवून अडकवला, गोळी बसते त्या घरात डोळा घातला, करंगळी घातली, आणि उघडंच माझ्या हाती दिलं.

"हा क्रम लक्षात ठेवा. आधी मॅगझिन, मग वरचं. उलटं केलंत तर एक गोळी आतच राहते, आणि रिकामं समजून भरलेलं हातात घेऊन हिंडाल. निम्मी मोठी माणसं तिथेच गाढव ठरतात."

"आपण नाही त्यातले," डेल म्हणाला.

पिस्तूल जड नव्हतं. मुठीवर, उजव्या मधल्या बोटाच्या खाली, एक खोल ओरखडा होता. मी मूठ वळली. अंगठीवरचं फूल त्या ओरखड्यात जाऊन बसलं. किल्ली कुलपात बसावी तसं.

आता, आमच्या गावात ही अंगठी वीसेक बायकांच्या बोटात आहे. मी स्वतःला तेवढंच सांगितलं.

"आधी कोणाचं होतं?"

"एका बाईचं. दोनेक वर्षं पडून आहे. वापरलं म्हणाल तर, डब्यातली एकच गोळी उडालीये. नव्यासारखंच."

मी पिस्तूल परत ठेवायला गेले तेव्हा फोमचा कोपरा वर आला. खाली एक फावा दाणा होता. मोठ्या वालासारखा चपटा, भाजून काळा पडलेला, मधोमध भोक, आणि भोकातून ओवलेला लोकरीचा दोरा. दोरा विटून जवळजवळ पांढरा झाला होता.

"हे काय?" डेल म्हणाला. "फुकटात उसळ पण?"

संत जोसेफच्या वेदीवरचे दाणे आम्ही आशीर्वाद झाल्यावर वाटतो. लोक पाकिटात ठेवतात, भरभराट होते म्हणून. दाणा सापडण्यात नवल नव्हतं. मी नुसता दोऱ्याची गाठ नखानं सैल केली. गाठीच्या आत उजेड न लागलेला दोरा निळा होता.

३

घरी येऊन मी सरळ कोठीच्या खोलीत गेले.

यंदाचे दाणे वरच्या फळीवर कापडी पिशवीत आहेत. मी दर वर्षी साधी रिबीन बांधते. यंदा पहिल्यांदाच नोलनचा स्फोटातला स्वेटर उसवला. तीन वर्षं तो फेकवत नव्हता आणि बघवतही नव्हता. त्याची निळी लोकर ओवली. तापवलेल्या सुईनं भोकं पाडली. गाठ आईची, अडीच वेढ्यांची. हे काम मी मागच्याच आठवड्यात, एकटीनं, दार लावून केलं, कारण अर्लीननं पाहिलं असतं तर पुढच्या वर्षी तिनं तीच कल्पना स्वतःची म्हणून मिरवली असती.

पेटीतला दाणा मी खिशात घालून आणला होता, तो काढून पिशवीतल्याशेजारी धरला. लोकरीत अधूनमधून एक करडा धागा होता, तो दोन्हींत होता. वेढे अडीच.

निळी लोकर जगात पुष्कळ असते. गाठी मारणाऱ्या बायकाही पुष्कळ. आईनं ही गाठ आणखी कोणाला शिकवली असेल. कोणाला, ते मात्र मला आठवेना. आणि आशीर्वाद व्हायला अजून सहा दिवस होते. वाटायच्या दाण्यांतला एकही अजून या पिशवीतून बाहेर पडलेला नव्हता.

मी पिशवी बंद केली आणि अंजिराच्या बिस्किटांकडे वळले. माझ्या हाताला तेलाचा वास येत होता. दुकानातला, बंदुकीच्या तेलाचा. ते पटण्यासारखं होतं. न पटण्यासारखं एवढंच, की दुकानात पेटी उघडताच मला बडीशेपेचा आणि अंजिराचा वास आला होता, आणि तेव्हा मी तो माझ्या ओढणीचा समजले होते. त्या दिवशी मी ओढणी घेतलेलीच नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मागच्या दारावर थाप पडली. एक. थांबून दुसरी. थांबून तिसरी.

आमच्या वेदीच्या दिवशी एक खेळ असतो. संत जोसेफचं पवित्र कुटुंब झालेली मुलं दारावर थाप मारतात. पहिल्या थापेला आतून म्हणायचं, जागा नाही. दुसऱ्यालाही, जागा नाही. तिसऱ्याला दार उघडायचं आणि जेवायला बसवायचं. थाप अगदी तशीच होती, पण वेदीला अजून पाच दिवस होते.

"कोण?"

उत्तर नाही. दाराच्या वरच्या भागाला खरबरीत काच आहे. तिच्यापलीकडे टोपी घातलेलं एक डोकं, हलत नव्हतं.

"कोण आहे?"

माझ्या हातात मासे कापायची सुरी होती. ती हातात कधी आली ते कळलं नाही. मी साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं.

"भ्यॉ!" डेल म्हणाला. आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून खोकला येईपर्यंत हसला. "तोंड बघ तुझं, वहिनी! अर्लीन पण अशीच होते पांढरी. तिला तर आठवड्यातून एकदा करतो."

"तू उत्तर का देत नाहीस?"

"उत्तर दिलं तर मजा काय? बघ, म्हणून सांगतो, पिस्तूल घे. उद्या खरंच कोणी असा आला तर?"

ज्या चेष्टेपायी माणूस मरू शकतो, तीच चेष्टा करून तो मला पिस्तुलाची गरज पटवत होता. देवानं डेलला खांदे दिले, दात दिले, आणि मग वेळ संपली.

मी त्याला कॉफी दिली. नवस होता.

संध्याकाळी नोलनचा फोन आला. तो स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडून बोलतो.

"घेतलंस का?"

"बघितलं एक. नोलन, तू घरी येताना मागच्या दारानं येतोस ना?"

"काय?"

"मागच्या दारानं! आता साखळी आहे. थाप मारशील. मी 'कोण' विचारलं तर ऐकू येईल का तुला?"

"किंमत कितीही असू दे, घेऊन टाक!"

मी तेच दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, पंचवीस तारखेला येतो, अंजिराची बिस्किटं ठेव. फोन ठेवला तेव्हा मला समजलं होतं की या घरात पिस्तूल आलं तर ते कोणावर चालेल.

५

नाही म्हणून सांगायला मी एकटीच वेस्लीकडे गेले. खरं म्हणजे मला एक गोष्ट विचारायची होती. विचारलं की सगळं साधं निघेल, याची मला पुष्कळ आशा होती. मला नेहमीच असते.

"ज्या बाईनं हे विकलं, ती कशी होती?"

वेस्लीनं पेल्यात साल थुंकलं. "बाईसारखी बाई. रडून आलेली. रडून आलेल्या सगळ्या बायका मला सारख्याच दिसतात."

"इथलीच?"

"असेल. पैसे घेतले नाहीत तिनं. काचेवर पेटी ठेवली आणि म्हणाली, एकच अट. हे मला परत विकू नका." तो हसला. "मी म्हटलं, बाई, तुम्ही येऊ नका, मी विकणार नाही. झालं. परत आलीच नाही. डोक्यानं जरा... आता तुम्ही बायका."

"ती गोळी कशावर उडवली होती?"

चघळणं थांबलं. "ते मी विचारत नाही. दुकान चालवतो मी, चर्च नाही."

त्यानं पेटी माझ्यासमोर सरकवली. पुन्हा तोच क्रम, मॅगझिन, वरचा भाग, डोळा, करंगळी. पिस्तूल घ्यायला माझा हात आपणहून पुढे झाला, आधी सवय असावी तसा. मी तो खिशात घातला. खिशात तो विटका दाणा होता. मी तो फोमखाली जिथे होता तिथे परत ठेवावा म्हणून काढला, आणि नाही ठेवला.

"नको मला," मी म्हणाले.

"डेल म्हणालाच होता, तुम्ही ऐनवेळी कच खाल."

"डेल पुष्कळ बोलतो," मी म्हणाले, आणि घरी जाऊन त्या वाक्याबद्दल एक जपमाळ जास्त ओढली. विटका दाणा मी चुलीत टाकला. तो जळताना बडीशेपेचा वास आला. मला फार हलकं वाटलं. नोलनचं आयुष्य मी एका शब्दानं वाचवलं होतं, नुसतं 'नको' म्हणून.

६

वेदी छान झाली. तीन पायऱ्या, पांढरं कापड, मासे, भाज्या, पास्त्यावर पावाचा चुरा. संत सुतार होता, म्हणून तो चुरा लाकडाचा भुसा समजायचा. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, दाण्यांच्या परडीवर हात धरला. शंभरावर माणसं जेवली. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात निळ्या दोऱ्याचा दाणा देत होते.

डेलनं दाणा वर फेकून झेलला. "याचं काय करू? पेरू?"

"जवळ ठेव."

"थांब, याला चांगली जागा आहे."

तो पिकअपकडे गेला आणि काळी पेटी घेऊन आला. वेदीसमोर, मेणबत्त्यांच्या उजेडात, त्यानं ती जेवणाच्या टेबलावर उघडली. "तू नाही घेतलंस, मी घेतलं. अर्लीनसाठी!" आणि त्यानं फोमचा कोपरा उचलून दाणा खाली सरकवला. तोच कोपरा. "घे. आता बंदूकसुद्धा पवित्र झाली."

लोक हसले. अर्लीन बशी बाजूला ठेवून आली. तिनं पिस्तूल उचललं, भिंतीकडे धरलं, एक डोळा मिटला. अंगठीवरचं फूल ओरखड्यात बसलं.

"कसं दिसतंय गं मी?"

तेव्हा मला जे वाटलं ते मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. ती अंगठी माझी नव्हतीच तर. रडत येणारी बाई मी नव्हते. डेल आठवड्यातून एकदा तिच्या दारावर तीन थापा मारतो आणि उत्तर देत नाही. हे सगळं त्यांचं होतं, त्या दोन मूर्खांचं, आणि अगदी त्यांच्या मापाचं होतं.

"उद्यापासून हिची परीक्षा घेणार," डेल सगळ्यांना सांगत होता. "मागच्या दारानं जातो की नाही बघा!"

आणि अर्लीन हसली. तिच्या दातात पालक अडकला होता. तिनं माझ्या वेदीसाठी चाळीस अंडी दिली होती, हे मला त्याच क्षणी आठवलं. न मागता दिली होती.

"अर्लीन," मी म्हणाले, "ते मला दे."

"काय?"

"पिस्तूल. पेटीसकट. संत जोसेफच्या नावानं मागते आहे."

असं मागणं आजवर कोणी मागितलं नव्हतं. पण नाकारायचं नसतं, हे तिथे लहान मुलांनाही माहीत होतं.

"अगं वहिनी, मीच म्हणालो होतो ना, मागून आण म्हणून!" डेलला हसू आवरेना. "फुकटात पिस्तूल! घे बाई घे. थांब, रिकामं करून देतो, नाहीतर स्वतःचाच पाय उडवशील."

त्यानं वरचा भाग खाटकन मागे ओढून सोडला, मग मॅगझिन काढलं, आणि दोन्ही पेटीत टाकून माझ्या हातात दिलं. मी पेटी वेदीच्या खालच्या पायरीवर ठेवली. बाकी सामानाबरोबर.

उद्या दुपारी वेदी उतरेल. उतरली की तडक खाडीत टाकायचं. पूल दोन मैलांवर आहे. मला खूप आशा वाटत होती.

७

सकाळी स्वच्छ ऊन होतं. मी कॉफी ठेवली, उरलेले पाव गरजूंसाठी कागदात बांधले, आणि मागून आणलेलं सामान स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून मांडलं, ज्याचं त्याला परत द्यायचं ते एका बाजूला. पेटी सगळ्यात शेवटी आणली. नीट रिकामं आहे ना, एकदा बघावं म्हणून उघडली.

मॅगझिन वेगळं पडलं होतं. ठीक. मग मला डेलचे हात आठवले. आधी वरचा भाग. मग मॅगझिन.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

"कोण?"

काचेपलीकडे टोपी. काल पेटी माझ्या हाती दिल्यावर डेलनं सगळ्यांसमोर शपथ घेतली होती की आता माझ्या दाराशी चेष्टा करणार नाही. डेलच्या शपथेला काय अर्थ आहे ते मला माहीत होतं. नोलन पंचवीसला येणार होता, अजून पाच दिवस होते. समुद्रावर वादळ असेल तर त्यांना लवकर सोडतात. रात्री रेडिओवर वादळाचं काही म्हणाले होते का, ते मला आठवेना. मी पाव बांधत होते.

दुसरी थाप.

"डेल, पुरे झालं!" मी म्हणाले. नवस बोलल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडून उघडउघड टोचून निघालं, आणि मला बरं वाटलं.

उत्तर नाही. काचेतलं डोकं जरा कललं. डाव्या बाजूला. एखादा माणूस बरा कान दाराकडे करतो तसं.

तिसरी थाप.

तिसऱ्या थापेला दार उघडायचं असतं. तेवढंच माझ्या मनात होतं, देवाशपथ तेवढंच. मी दाराकडे चालत गेले आणि साखळी काढायला उजवा हात वर केला.

मुठीतल्या कशावर तरी अंगठी खरकन घासली. साखळी अजून वीतभर लांब, डावीकडे होती.